मोठीआई, गिरणगावातली खाणावळ आणि भिंतीवरची उधारी

धुराडं

मोठीआई गेल्या महिन्यात गेली. गावी, झोपेतच, त्रास काही झाला नाही. पण हा धागा काढायचं कारण वेगळंय. दहाव्याला नदीवर प्रवचन असतं आमच्याकडे, आणि प्रवचनकार महाराजांनी तिला पार देवीच करून टाकली, म्हणे या माऊलीने मुंबईत हजारो गिरणी कामगारांना फुकट जेवू घातलं, कधी कोणाकडे हात पसरला नाही की पैसा मागितला नाही. लोक माना डोलवतायत, आत्या पदर डोळ्याला लावून बसलेली, आणि मी मनात म्हणतोय की म्हातारी आत्ता असती तर मध्येच उठून विचारलं असतं, फुकट? कुणाला रं फुकट? कुनी सांगितलं तुला?

तर तिचा खरा हिशोब कुठेतरी लिहून ठेवावा म्हणून लिहितोय. मोठं झालंय, सांभाळून घ्या.

मोठीआई म्हणजे माझ्या वडिलांची आई. वय नक्की कोणालाच माहीत नाही. आधारवर 1 जानेवारी 1932 आहे म्हणजे ज्याने फॉर्म भरला त्याने ठोकून दिलंय. ती स्वतः सांगायची की पत्रीसरकारच्या टायमाला माझं लगीन झालं आन नुकती शाणी झालेले. म्हणजे 1944-45 धरा, चौदा पंधरा वर्षांची असणार, म्हणजे जाताना पंच्याण्णवच्या आसपास. माहेर कराडजवळ. लग्न गांधी पद्धतीचं, हार घातले, हुंडा नाही, वाजंत्री नाही, पंगती नाहीत, त्या काळात नाना पाटलांच्या चळवळीतली माणसं सातारा भागात अशी लग्नं लावून द्यायची. तिला याचा अभिमान वगैरे अजिबात नव्हता. "माज्या लग्नात कुनाला घासभर मिळालं न्हाई, म्हनून जन्मभर रांधत बसले" हा तिचा कायमचा जोक.

सासर पाटण तालुक्यात, कोयनेच्या काठाला. आजोबा मुंबईला लालबागच्या एका गिरणीत साळखात्यात (म्हणजे विणकामाच्या खात्यात), वर्षातून एकदा यायचे. साठच्या दशकाच्या सुरुवातीला धरणाचं पाणी चढलं आणि गाव शिवसागरात गेलं. बदली जमीन मिळाली ती लांब, तिथे ना ओळख ना पाणी. ती तीन पोरं घेऊन सरळ मुंबईला आली. चाळीत दहा बाय बाराची खोली, आणि त्यात आजोबा एकटे नाहीत, चार गाववाले अजून! पाळ्या वेगवेगळ्या असल्यामुळे एकाची वळकटी उठली की दुसऱ्याची पडायची. आता बाई माणूस आलं म्हटल्यावर ते चौघे खालच्या गाळ्यात झोपायला गेले पण जेवायला वरच येऊ लागले. पहिला महिना तिने काही बोललं नाही. दहा तारखेला पगार झाला तेव्हा दारात उभी राहिली आणि म्हणाली, दादाहो, तांदूळ काय माझ्या बापाच्या घरनं येत न्हाई. तिथून खाणावळ सुरू.

पुढे आजोबांना कापसाच्या धुळीने दम लागला, खाडे वाढले, मग तर घर तिच्यावरच होतं. चाराचे वीस-बावीस मेंबर झाले. (मेंबर म्हणजे महिन्याचा जेवणारा, गिऱ्हाईक नाही म्हणायचे.) घाटावरचे आणि कोकणातले दोन्ही. घाटावरच्यांना भाकरी आणि झणझणीत आमटी लागायची, कोकण्यांना भात आणि कशाला तरी माशाचा वास. ही सातारची, हिला सुकट पण माहीत नव्हतं. शेजारच्या संगमेश्वरच्या काकूंकडून शिकली आणि नंतर तिचं बांगड्याचं तिखलं असं व्हायचं की कोकणातले मेंबर गावाहून येताना तिला कोकमं आणून द्यायचे. माळकरी दोन तीन होते, त्यांची वेगळी चूल नाही पण वेगळं पातेलं आणि वेगळा डाव, तो डाव चुकून जरी मटणाच्या टोपाला लागला तरी ती दुसरं कालवण करायची.

उठायची साडेतीनला. सकाळी 7 ची पाळी, त्याच्या आत डबे. भुशाची शेगडी होती आमच्याकडे, आजच्या पोरांनी पाहिलीच नसेल म्हणून सांगतो. पत्र्याच्या डब्याची असते, खाली बाजूला भोक. रात्री झोपायच्या आधी ती भरायची. एक बाटली मधोमध उभी ठेवायची, दुसरी खालच्या भोकातून आडवी घालायची, दोन्ही टेकवायच्या आणि मग वखारीतून आणलेला लाकडाचा भुसा मूठमूठ टाकत बत्त्याच्या मागच्या बाजूने ठोकत जायचं. गच्च बसला पाहिजे. मग बाटल्या गोल फिरवत हळूच काढायच्या, आत बोगदा तयार होतो, खालून चिपाट्या पेटवल्या की तीन साडेतीन तास एकसारखी आच. सैल ठोकला तर मध्येच ढासळतो आणि धूर होतो अख्ख्या मजल्यावर. ती शेगडी कुणाला भरू द्यायची नाही. सुनांना पण नाही.

11 डिसेंबर 1967 च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला, सव्वाचार नंतर कधीतरी, तेव्हा अख्खी चाळ झोपलेली आणि ही जागी होती. मुंबईला पण चांगलाच हलला होता. उतरंडीची भांडी वाजली, तिला वाटलं गिरणीत बॉयलर बियलर फुटला. मेंबर लोक लुंग्या सावरत खाली पळाले. ही शेगडीजवळून हलली नाही, म्हणे भात अर्धा शिजलेला. दुपारी कळलं की कोयनानगर पडलं, तेव्हा मात्र हातपाय गळाले तिचे. ज्यांची गावं पाण्याखाली गेली नव्हती ते तिचे सगळे नातेवाईक तिकडेच होते.

आता भिंत. मोठीआईला लिहिता वाचता येत नव्हतं. दाराच्या मागची भिंत हीच तिची वही. गेरूने प्रत्येक मेंबरचं चित्र. साळखात्यातला असेल तर धोटा, छत्री विसरणारा होता त्याला छत्री, माळकऱ्याला माळ, एक जण फार बोलायचा त्याला नुसतं उघडं तोंड. चित्रापुढे रेघा. उभी रेघ म्हणजे दोन वेळ जेवला, अर्धी म्हणजे एक वेळ, फुली म्हणजे खाडा. खाड्याचे पैसे कापायची पण आदल्या रात्री सांगितलं असेल तरच. कोकणातले गणपतीला आणि शिमग्याला जायचे, घाटावरचे जत्रेला आणि पेरणीला, तेव्हा अर्धी भिंत नुसत्या फुल्या. रविवारी फिष्ट असायची, मटण, त्याची बाजूला टिंब. पाहुणा आणला तर त्याचं पण टिंब. दहा तारखेला पगार झाला की मेंबर येऊन आपल्या चित्रापुढे उभा राहायचा, ती रेघा मोजायची, पैसे घ्यायची, आणि ओल्या फडक्याने पुसून टाकायची. चित्र ठेवायची, रेघा पुसायची.

बाकीचं नंतर लिहितो, आत्ता निघायचंय.

लाल_माती

श्रद्धांजली. काय लिहिलंय राव. माझे वडील लोअर परळला एका गिरणीत, असंच खाणावळीत जेवले बावीस वर्षं, मावशी म्हणायचे त्या बाईंना. आम्ही गावी देवरुखला आईजवळ. वडील मे महिन्यात यायचे आणि आईच्या हातचं खाऊन म्हणायचे मावशीकडे यात लसूण जास्त असते, आई पेटायची नुसती 😀

गणपतीला फुल्या हे वाचून हसलो, अगदी अगदी. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

चाळीतला_आवाज

छान लिहिताय. पण एक विचारू का, फुकट जेवू घातलं असं कोणी म्हणालं तर बिघडलं कुठे? गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलायची रीत आहे. महाराजांना काय तुमचा हिशोब माहीत असणार.

धुराडं

@चाळीतला_आवाज, चांगलंच बोलायचं ना मग खरं चांगलं बोला की. धंदा केला तिने. पस्तीस वर्षं, एका खोलीत, अंगठा लावून. पुरुषाने केला असता तर म्हणाले असते शून्यातून उभा केला. बाईने केला की ती माऊली आणि तिने म्हणे पैसाच घेतला नाही. माझ्या वडिलांचं शिक्षण, दोन आत्यांची लग्नं, गावचं घर हे सगळं काय दुवा घेऊन झालं का? मला याचा राग येतो.

परदेशी_पाखरू

धुराडं +१. वाक्य न वाक्य पटलं.

सातारी_कंदी

आमच्या म्हातारीची जन्मतारीख पण अशीच, आमच्याकडं तर शाळेत घातलेल्या सगळ्यांचीच 1 जून. आज्जीला विचारलं तर म्हणायची प्लेगच्या नंतर आन मोठ्या पुराच्या आधी. आता कंचा प्लेग आन कंचा पूर.

तुमच्या मोठीआईचं गाव कोयनेत गेलं ते वाचून वाईट वाटलं. आमच्या शेजारच्या गावची लोकं पार रायगड, ठाणं, सोलापूर इकडं फेकली गेली. धरणग्रस्तांचे मोर्चे अजून निघतात, तिसरी पिढी झाली. त्या पाण्यावर अख्ख्या महाराष्ट्रात लाईट लागली आन ज्यांची गावं बुडाली त्यांच्या वस्तीवर लाईट शेवटाला आली, हे लिवायलाच पायजे कुनीतरी.

हिशोबनीस

धागा आवडला. थोडी भर घालतो कारण माझा वाचनाचा विषय आहे.

गिरणगावात खाणावळी चालवणाऱ्या बायका हा फार मोठा वर्ग होता. पुरुष एकटे मुंबईत, बायकापोरं गावाला, त्यामुळे शहरात गिरणी चालायची ती या बायकांच्या चुलीवर असं म्हटलं तरी चालेल. अडचण एकच, मेंबर पैसे देणार महिन्याने, पण तांदूळ, डाळ, रॉकेल रोज लागणार. मग किराणा उधारीवर. दुकानदार उधारीचा भाव वेगळा लावायचा, वर व्याज. नाहीतर सावकार. दागिने गहाण, भांडी गहाण. कितीही राबलं तरी नफा तिसऱ्याच्याच खिशात.

1969 ला बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं आणि पुढे छोट्या धंद्यांना कमी व्याजाची कर्जं द्यायच्या योजना आल्या. प्रेमाताई पुरव यांनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं ते यासाठीच. गोवा मुक्ती लढ्यातल्या कार्यकर्त्या, नंतर मुंबईत कामगार चळवळीत. बायकांचे गट करून एकमेकींना जामीन ठेवायच्या आणि बँकेचं कर्ज मिळवून द्यायच्या. ज्यांना सही येत नाही अशा बायका बँकेत जाऊन हप्ते भरायला लागल्या. आज बचत गट म्हटलं की लोकांना वाटतं हे सगळं नव्वदनंतरचं आहे, तसं नाहीये.

तुमच्या मोठीआई होत्या का यात?

धुराडं

@हिशोबनीस, होती ना! त्याचाच किस्सा लिहिणार होतो. आत्याकडून ऐकलेला आहे.

आधी म्हणे ती तयारच नव्हती. बँक म्हणजे कोट घातलेली माणसं, आपल्याला आत कोण घेणार, आणि दुसरीचं कर्ज बुडलं तर आपण का भरायचं. मजल्यावरच्या दोघी तिघींनी घेतलं, त्यांचा किराणा रोखीने यायला लागला, आणि रोखीचा भाव आणि उधारीचा भाव यातला फरक हिने कानाने ऐकला. संपलं. दुसऱ्या आठवड्यात गटात. आत्याने तिला सही शिकवली, रोज रात्री भिंतीच्या खालच्या कोपऱ्यात गेरूने गिरवायची, पण बँकेत गेल्यावर इतका हात थरथरला की शेवटी अंगठाच लावला. पण पुढच्या कर्जाला सही केली. त्या सहीत तिचं नाव वाचता येत नाही, डोंगर काढल्यासारखं दिसतं, पण तिच्या मते ती सही होती आणि बँकेच्याही मते होती.

गटात एकीचा हप्ता थकला होता तेव्हा ही तिच्या दारात जाऊन बसली म्हणे. भांडली नाही, काही नाही. नुसती बसली. संध्याकाळपर्यंत. त्या बाईने शेवटी डबा उघडून पैसे काढून दिले. मग ही म्हणाली, आता चहा कर.

लाल_माती

"आता चहा कर" 😂😂

मी_आत्याचा_मुलगा

दादा तू इथे लिहितोयस आणि मला सांगितलं पण नाहीस. बरं असो.

मला एक बोलायचंय. आईचं म्हणणं तुझ्यापेक्षा वेगळं आहे. संपाच्या काळात आजीने सगळ्यांना उधारीवर जेवू घातलं आणि माझ्या आईच्या लग्नाला, म्हणजे 84 ला, खोलीला चुना मारला तेव्हा ती भिंत पण मारून घेतली. सगळ्यांची उधारी चुन्याखाली गेली. ही गोष्ट आम्ही लहानपणापासून ऐकत आलोय. महाराजांना पण बहुतेक मामांनीच सांगितली असेल. मग फुकट जेवू घातलं हे चूक कसं?

धुराडं

आला का तू. बरं झालं. आता तो भाग लिहितो, आणि आत्याला वाचून दाखव.

18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला, अडीच लाख गिरणी कामगार बाहेर. पहिले दोन महिने कोणाला काही वाटलं नाही, याआधी पण संप झालेले, मिटतील. मेंबर लोक दुपारी पत्ते खेळायचे, सभेला जायचे, डॉक्टरांची म्हणजे दत्ता सामंतांची भाषणं ऐकून यायचे आणि जेवताना पुन्हा तीच ऐकवायचे. दहा तारीख आली, गेली. रेघा पुसल्या नाहीत. मार्चमध्ये चित्रांच्या पुढची जागा संपली तर ती वर चढली, मग स्टूल घेऊन छताजवळ. हळूहळू बरेच गावाला गेले, ज्यांच्याकडे थोडीफार शेती होती ते. सात आठ जण राहिले, ज्यांना गावी पण काही नव्हतं. त्यांना तिने जेवू घातलं हे खरं आहे. तिच्या बांगड्या आणि पुतळ्या गहाण पडल्या हे पण खरं. मटण बंद, मग मासे बंद, मग दोन वेळचं एक वेळ झालं, पण ताट बंद केलं नाही. तिने एकच अट घातली की जो जेवेल तो काम करेल. एकाने पाणी भरायचं, एकाने दळण, एकाने रेशनच्या लाईनीत उभं राहायचं. लूमवर वीस वर्षं काढलेली माणसं तिच्याकडे कोथिंबीर निवडत बसायची. त्यातल्या एकाला तर नंतर स्वयंपाकाचं कामच मिळालं एका हॉटेलात.

आता भिंत. चुना मारला हे बरोबर. पण मारायच्या आधी काय झालं ते तुझी आई सोयीने विसरतेय कारण ते काम तिनेच केलंय! मोठीआईने तिला 200 पानी वही आणायला लावली आणि भिंतीवरची एकूण एक रेघ तिच्याकडून उतरवून घेतली. प्रत्येक पानावर वर चित्र, खाली गाव, तालुका, खाली हिशोब. वही माझ्या समोर आहे हे लिहिताना. तुझ्या आईचं अक्षर, निळी शाई, शाळेतल्यासारखं गोल गोल. शेवटच्या पानावर पोस्टकार्डांचा हिशोब. कारण लग्न उरकल्यावर तिने सगळ्यांना कार्डं पाठवली. मजकूर सगळ्यांना एकच: "तुमची तब्येत बरी असेल. इकडे सर्व ठीक. तुमची बाकी अमुक रुपये आहे. जमेल तसे पाठवणे. मुलांना आशीर्वाद."

आणि लोकांनी पाठवले रे. मनीऑर्डरी आल्या, दहा रुपये, वीस रुपये. ज्याचे आले त्याच्या पानावर बरोबरची खूण. एकाने पैशाऐवजी हरभऱ्याचं पोतं पाठवलं, तर तिने बाजारभाव विचारून तितकेच वजा केले, भाडं पण धरलं नाही. दोघांच्या पानावर आडवी रेघ आहे, ते वारले. त्यांच्या बायकांना तिने कार्ड पाठवलं नाही. हेच काय ते तिचं माफ करणं.

मी_आत्याचा_मुलगा

आईला वाचून दाखवलं. आधी म्हणाली असलं काही नव्हतं. मग म्हणाली वही तुझ्याकडे कशी आली. मग रडली. मग म्हणाली कार्डं मी एकटीने लिहिली होती, बोटं दुखली होती, आणि लग्न होऊन चार दिवस झाले होते, सासरी बसून लिहिली, सासूबाई विचारायच्या एवढी पत्रं कोणाला 😅

म्हणजे गोष्ट तुझीच खरी. पण दादा एक सांगतो, आई म्हणतेय की आकडे आजीने कमी करून लिहायला लावले होते. एका एका मेंबरचे शेवटच्या दोन तीन महिन्यांचे धरलेच नाहीत. विचारलं तर आजी म्हणाली त्या महिन्यात आमटीत डाळ कुठं हुती, पान्याचे पैसे घेऊ काय.

धुराडं

हे मला माहीत नव्हतं.

चाळीतला_आवाज

म्हणजे शेवटी महाराज पण थोडे बरोबर आणि तुम्ही पण. मी गप्प बसतो आता.

संपाबद्दल थोडं. मी त्याच भागातला, तेव्हा कॉलेजात होतो. बाहेरच्यांना वाटतं संप म्हणजे फक्त पगारवाढ. बदली कामगारांना कायम करा ही मोठी मागणी होती, वर्षानुवर्षं रोज सकाळी गेटवर उभं राहून आज काम मिळणार का ते बघायचं, ही काय जिंदगी होती का. आणि मान्यताप्राप्त युनियन नको, आम्हाला हवी ती युनियन हवी, हे तर सगळ्यात मोठं. संप रीतसर कधी मागे घेतलाच गेला नाही. नुसता विरला. डॉक्टरांचं नेतृत्व चुकलं का मालकांना गिरण्या बंदच करायच्या होत्या यावर आमच्या चाळीत आजही दोन गट पडतात. 97 ला त्यांचा खून झाला तेव्हा संपात देशोधडीला लागलेली माणसंसुद्धा रडत होती, हे मी डोळ्याने पाहिलंय.

सातारी_कंदी

संपावर नको हो, धागा भरकटंल. म्हातारीचं सांगा.

परदेशी_पाखरू

संपावर पण हवंय की, त्याशिवाय ही गोष्ट कळणारच नाही.

मी आता न्यू जर्सीत असते, आमची आजी गिरगावातली, अगदी वेगळं वातावरण, पण तिच्याकडे पण असाच हिशोबाचा कडकपणा होता. दूधवाल्याची कॅलेंडरवर फुली, पेपरवाल्याची वेगळी, आणि आजोबांनी मित्राला चहा पाजला तर त्याची पण नोंद. तिला कोणी कंजूष म्हटलं की आई भडकायची. आता मी स्वतः घर चालवते तेव्हा कळतंय की त्या पिढीतल्या बायकांच्या हातात दुसरं होतंच काय, हिशोब एवढं एकच होतं जे कोणी हिसकावून घेऊ शकत नव्हतं.

@धुराडं, नंतर खाणावळ कधी बंद झाली? आणि शेवटची वर्षं कशी गेली त्यांची?

धुराडं

@परदेशी_पाखरू, खाणावळ बंद अशी एका दिवशी नाही झाली. संपानंतर काही गिरण्या सुरू झाल्या पण माणसं निम्मी पण घेतली नाहीत. मेंबर बदलले. नव्वदनंतर ऑफिसात जाणारी पोरं, कुरिअरवाले, गणपतीत तर लालबागच्या राजाच्या रांगेतून आलेले लोक विचारत वर यायचे, काकू जेवण मिळेल का, त्या दहा दिवसांत ती रात्री दोनला पण पिठलं भात द्यायची, रोखीने. आमच्या वडिलांना आवडायचं नाही, ते तोपर्यंत बँकेत क्लार्क झाले होते, आई अजून लोकांची उष्टी काढते असं त्यांना वाटायचं. ती म्हणायची तुझ्या फीला कुनाची उष्टी होती? मग विषय बंद.

गुडघे गेल्यावर, 98 का 99 ला, तिने स्वतःच भांडी मोडीत काढली. मोठा टोप फक्त ठेवला. गिरणी कामगारांच्या घरांच्या सोडतीचा फॉर्म भरला होता आजोबांच्या नावावर वारस म्हणून. नंबर लागला नाही. दर वेळी सोडत निघाली की वडिलांना फोन करून विचारायची, लागलं का? पुढे पुढे विचारायची बंद झाली. ज्या गिरणीत आजोबा होते तिथे आता काचेचा टॉवर आणि मॉल आहे. एकदा तिला घेऊन गेलो होतो, मला वाटलं हळवी होईल. ती फूड कोर्टात बसली, पुलावाची किंमत विचारली, मला म्हणाली किती मेंबर जेवत असतील रं हितं दिवसाला? आणि मग बराच वेळ मनात काहीतरी गुणाकार करत बसली.

शेवटची सात आठ वर्षं गावी काकांकडे. कान गेले, डोळे बरे होते. मला बघून दर वेळी विचारायची तू कुनाचा. पण छत्रीवाल्याचे नव्वद रुपये राहिलेत हे लक्षात होतं.

लाल_माती

छत्रीवाल्याने दिले का शेवटी?

धुराडं

नाही. वहीत चार पानं कोरी आहेत, म्हणजे बरोबरची खूण नाही आणि आडवी रेघ पण नाही. छत्री, उघडं तोंड, एक माळ, आणि एक बांगडा. बांगड्याखाली तालुका संगमेश्वर लिहिलंय.

लाल_माती

थांबा थांबा. देवरुख म्हणजे संगमेश्वर तालुकाच. वडील संपाच्या आधी वर्षभर लालबागला राहायला होते नंतर परळला गेले असं आई सांगते. बांगड्याचं तिखलं म्हणजे जीव. वडील 2003 ला गेले. गाव काय लिहिलंय वहीत?

धुराडं

गावाचं नाव इथे नको, व्यक्तिगत निरोप करतो. अजून काही खूण सांगा. जेवताना काही सवय वगैरे? आत्याला विचारता येईल.

लाल_माती

ताक. काहीही असो, शेवटी वाटीभर ताक लागायचंच. आणि भात डावीकडे वाढलेला चालायचा नाही.

मी_आत्याचा_मुलगा

आईला विचारलं. लगेच म्हणाली, हो हो, ताकवाले भाऊ! वरच्या खिशाला कायम पेन असायचं, मला गणितं शिकवायचे. आणि दादा, आई म्हणतेय ताकाचे पैसे आजी वेगळे लावायची.

लाल_माती

पेन! हो पेन असायचं. शाईचं. देवा.

आकडा किती आहे सांगा. ताकासकट.

धुराडं

एकशे चाळीस. व्याज ती लावत नसे. आत्या अजून लालबागलाच राहते, पुढच्या रविवारी या, वही घेऊन मी पण येतो, खूण तुमच्यासमोर करू. आणि येताना कोकमं आणा.